हलत्या चित्रांचा कौल

फणसवाडी, गिरगाव
ता. २९ जुलै १८९६

नमस्कार. आम्ही दोघी खुशाल आहोत, तिकडचीही खुशाली कळावी. एवढे रीतीचे झाले. आता मुद्द्याचे.

आम्ही हलती चित्रे पाहिली.

'आम्ही' हा शब्द हात घसरून पडलेला नाही. मी आणि सासूबाई. आपण उभ्याने वाचत असाल तर आधी बसावे.

हेरंबभावोजींच्या छापखान्यात या खेळाच्या जाहिराती छापतात. आपल्या या चुलतभावाच्या पोटात नवी बातमी टिकत नाही हे आपण जाणताच. जिन्यातूनच ओरडत आले, "वहिनी, पडद्यावर माणसं चालतात! खरी माणसं! आणि बायकांना चिकाच्या पडद्याआड वेगळी जागा!" मी लगेच म्हटले, मी जाणार. सासूबाई जप करीत होत्या. मण्यावरचे बोट न उचलता म्हणाल्या, "एकट्या बाईमाणसान नाटकगृहात जाऊचा नाय." मी चिडून म्हटले, "मग तुम्ही चला सोबतीला." त्यावर त्यांनी पुढचा मणी ओढला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तो धुतलेले तांबडे आलवण नेसून दारात उभ्या. "चल. पण मी काय्येक बघूची नाय. मी तुझ्यार लक्ष ठेवतलंय."

आणि खरोखरच बोरीबंदराजवळच्या त्या नाटकगृहात त्या पडद्याकडे पाठ करून बसल्या, माळ हातात घेऊन. दिवे गेले. मागे कुठेतरी शिवणयंत्रासारखी खडखड सुरू झाली आणि समोरच्या पांढऱ्या चादरीवर एका झाडाची पाने हलली. फक्त पाने. माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की सासूबाईंनी वळून पाहिले. मग त्यांनी मान पुन्हा फिरवली नाही.

एक चित्र म्हणजे पान लावायला लागतो तेवढाच वेळ. पाहता पाहता संपते आणि मग आपण अंधारात बसून ते डोळ्यांत धरून ठेवायचा प्रयत्न करतो. पाच मला स्पष्ट आठवतात. एकात झाडाखाली एक लठ्ठ साहेब न्हाव्यापुढे दाढीला बसला आहे, आणि त्याच्या केसांचा टोप कुत्रा पळवतो. अर्ध्या गालावर फेस, डोके गुळगुळीत, असा तो धावतो. दुसऱ्यात घोडेस्वार नदी पार करतात. पुढच्या बाकांवरच्या लोकांनी भिजू नये म्हणून पाय वर घेतले, हे मी चिकातून स्वतः पाहिले. तिसऱ्यात एक पाववाला भट्टीतून लांब फळीवर पाव काढतो. सासूबाईंनी पदर नाकाला लावला. मी कानात म्हटले, पाव नुसता पाहून कोणी बाटत नाही. त्या म्हणाल्या, "तुका काय म्हायत."

चौथे बर्फाचे. पोरे उतारावरून घसरताहेत, आणि शेवटी एक मुलगी उभी राहते, कपाळावरचे केस मागे सारते आणि सरळ माझ्याकडे बघते. मग संपते. बाकीच्या चित्रांतल्या माणसांना आपण चित्रात आहोत हे ठाऊक असावे, असे त्यांच्या हालचालींवरून वाटते. या मुलीला ते ठाऊक नव्हते. या वर्षी मुंबईत मी जे जे पाहिले, नाटके धरून, त्यात ही मुलगी मला सर्वांत आवडली.

पाचवे बोटीचे. धक्क्यावरून आगबोट सुटते, काठावरची माणसे रुमाल हलवतात, बोट लहान होत जाते.

घरी येताना ट्रामात सासूबाई माळ हातात धरून बसल्या होत्या. ठाकूरद्वार आले तेव्हा म्हणाल्या, "ती बोट खंय गेली गो?"

मी म्हटले, कुठेतरी विलायतेत. मला दुसरे काय सांगता येणार होते?

आपल्या मागच्या पत्रातही त्यांच्यासाठी ओळ नव्हती. पत्र मी मोठ्याने वाचते, त्या तांदूळ निवडत ऐकतात, मी घडी घातली की विचारतात, "झाला?" मी म्हणते, झाले. गेल्या वर्षी फाल्गुनात आपण निघालात तेव्हा त्यांना नमस्कार केला नाहीत, आणि त्या धक्क्यावर आल्या नाहीत. कोण आधी चुकले याचा निवाडा मी करीत नाही. मला एडनला न्यायचे की इथे ठेवायचे यावरून ते भांडण होते, आणि मला कोणीच विचारले नव्हते, एवढे मात्र मला आठवते.

आपली
कालिंदी


फणसवाडी
ता. ६ ऑगस्ट १८९६

नमस्कार. मागचे पत्र आपल्या हाती आता कुठे पडले असेल, तोवर इकडे किती घडले!

काळबादेवीच्या एका कापडवाल्या शेठजींनी जाहीर केले आहे की, सगळ्या चित्रांत जे चित्र प्रेक्षकांना सर्वांत आवडेल त्याला सुवर्णपदक. तिकिटाबरोबर एक चिठ्ठी मिळते. बाहेर पडताना प्रत्येक चित्राच्या नावाची पेटी ठेवलेली असते, आवडेल तिच्यात टाकायची. शेवटच्या खेळाला मोजणी.

मी भावोजींना विचारले, "पदक घालणार कोणाच्या गळ्यात? चित्राला गळा कुठे आहे?"

"यंत्र फिरवणाऱ्या साहेबाच्या."

"सगळ्या चित्रांचं यंत्र तोच फिरवतो ना? मग कोणतंही जिंकलं तरी गळा त्याचाच."

"वहिनी, तुम्ही प्रत्येक गोष्टीतली मजा घालवता," असे म्हणून ते रुसले, आणि रुसल्यारुसल्याच त्यांनी चार कानवले खाल्ले.

आता गिरगावात दुसरा विषय नाही. छापखान्यातली मंडळी घोडेस्वारांच्या बाजूची आहेत; त्यांना ते मर्दानी वाटते. आपली मासळीवाली शांतीही बघून आली. तिच्या मुलाने, लहूने, तिला दोनदा नेले. पाटी उतरवली न उतरवली तोच म्हणाली, "न्हाव्याला दे गो बाय मत! कुत्रा काय पलतो!" मी विचारले, बोट कशी वाटली? तिने नाक उडवले. "त्यो कसला दर्या! वास नाय नि आवाज नाय." सासूबाईंनी तिला सुक्या बांगड्यांचा भाव मुद्दाम पाडून मागितला. स्वतः मासळीला शिवत नाहीत, पण माझ्या ताटासाठी घासाघीस त्याच करतात. त्या दिवशीची घासाघीस मात्र बोटीबद्दलची होती असा मला संशय आहे.

माझा अंदाज आपल्याला आजच लिहून ठेवते, म्हणजे नंतर मी बदलला असे म्हणायला नको. पदक न्हाव्याला. आवड वेगळी आणि अंदाज वेगळा. आवडते मला बर्फातली मुलगी, पण ती जिंकायची नाही. तिच्यात काही घडत नाही. ती नुसती बघते. लोकांना हसून घरी जायला आवडते, त्यात त्यांची चूक नाही. घोडेस्वार दुसरे येतील. बोट तिसरी. पाववाला शेवटचा, कारण त्यात पाववाला पाव काढतो याखेरीज काहीच नाही.

मी ही चर्चा दुसऱ्या खेपेनंतर करते आहे हे आपल्या लक्षात आले असेलच. होय, परवा पुन्हा गेलो. या वेळी सासूबाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, मागच्या खेपेला पाठ करून बसल्यामुळे पहिले चित्र बुडाले. चिठ्ठी त्यांनी बोटीच्या पेटीत टाकली. पेटीवरचे नाव मला दोनदा वाचायला लावले आणि मगच टाकली.

खालच्या मजल्यावरच्या अप्पांनी जिन्यात गाठून त्यांना ऐकवले, "दुर्गाबाई, या वयात, या वेषात, नाटकगृहात?" त्या थांबल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "अप्पा, तुमका बघूचा आसात तर सांगा. चिकाआड जागा नाय, पण पुरुषांत मिळतली." अप्पा अजून आमच्याशी बोलत नाहीत. चाळीत त्यामुळे थोडी शांतता आहे.

आपली
कालिंदी


फणसवाडी
ता. १७ ऑगस्ट १८९६

आपले पत्र परवा मिळाले.

ते मी मोठ्याने वाचले नाही. सासूबाईंना सांगितले की डोळे दुखतात. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिले आणि तांदळाचे सूप उचलून आत गेल्या.

आपण लिहिता, समुद्र ओलांडला तर सून बाटेल म्हणणारी आई आता नाटकगृहात जाऊन बसते, हे ढोंग आहे. आपण लिहिता, आपल्या कचेरीतले माधवराव रजेवर मुंबईत आलेले आहेत, ते १९ सप्टेंबरच्या बोटीने लतिकावहिनींना घेऊन एडनला परत येणार, त्यांच्याबरोबर मी निघावे, घरात बोलू नये, बोट सुटल्यावर भावोजींनी आईला सांगावे. आणि मी तसे केले नाही, तर दसऱ्याला आपण मोंबासाच्या नव्या रेल्वेत तीन वर्षांचा करार लिहून देणार.

मला यायचे आहे. हे वाक्य मी आधी लिहिते, कारण पुढची वाक्ये वाचून आपला गैरसमज होईल. रोज यायचे आहे. शेजारच्या खोलीत कोणी पुरुष खोकला तरी माझे लक्ष जाते.

पण मी चोरून येणार नाही. मी गेल्यावर त्यांना भावोजींनी सांगायचे, म्हणजे काय सांगायचे? मुलगा न बोलता गेला, आता सूनही न बोलता गेली, एवढेच ना? त्या बाईने काय ढोंग केले? त्यांना एक गोष्ट आवडली आणि त्यांनी ती आवडते असे सांगितले. त्यांना मी लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे. असे त्या पहिल्यांदाच म्हणाल्या.

आपण मोंबासाला जायचे तर जा. मी थांबवू शकत नाही. पण ते माझ्यावर घालू नका. विचारायचे असेल तर त्यांना विचारा, आणि भांडायचे असेल तर त्यांच्याशी भांडा. मी एडन आणि फणसवाडी यांच्यामधली तार नाही.

शेवटी 'आज्ञाधारक' लिहायची रीत आहे. आज ते खोटे होईल.

कालिंदी


फणसवाडी
ता. २१ ऑगस्ट १८९६

मागचे पत्र टपालात टाकल्यावर मला दोन दिवस जेवण गेले नाही. तरी मी ते परत घेत नाही. आज लिहिते ते वेगळ्याच कारणाने. घडले ते आजच सांगितले पाहिजे.

काल आम्ही तिसऱ्यांदा गेलो. खेळ संपत आला तसा भावोजींच्या ओळखीचा एक माणूस पडद्यापुढे येऊन म्हणाला की, आता साहेब एक गंमत दाखवतील. आणि पुन्हा बोटीचे चित्र लागले. बोट सुटली, रुमाल हलले, बोट लहान झाली, सगळे नेहमीचे. मग यंत्राची खडखड थांबली, आणि क्षणभराने पुन्हा सुरू झाली. साहेबाने यंत्र उलटे फिरवले होते.

बोट मागे येऊ लागली. धूर आभाळातून खाली येऊन नळकांड्यात शिरू लागला. धक्क्यावरची माणसे उलट्या पावली काठापासून मागे येऊ लागली. सगळे नाटकगृह पोट धरून हसत होते. मीही हसत होते. एक पारशीण बाई तर खुर्चीवरून घसरली.

सासूबाई हसत नव्हत्या. चिक दोन बोटांनी बाजूला करून त्या बघत होत्या. बोट धक्क्याला लागली आणि चित्र संपले. दिवे लागले तरी चिक त्यांच्या बोटांत तसाच होता. मला वाटले रडताहेत, पण नाही. घरात काही हरवलेले शोधताना माणूस विचार करतो ना, तसा चेहरा.

चिठ्ठी टाकायला विसरल्या. ट्रामने न जाता चालत जाऊ म्हणाल्या. काळबादेवीच्या गर्दीत त्यांनी माझा हात धरला होता. ज्या गोष्टी त्या घरात बोलत नाहीत त्या रस्त्यात बोलल्या. त्यांचे बोलणे मालवणी. मी माझ्या भाषेत उतरवते, पण भर घातलेली नाही.

म्हणाल्या, "बाटण्याचं मी अप्पांना सांगितलं, न्यातीला सांगितलं, त्याला सांगितलं. ते सगळं खरं नव्हतं गो. बोट काय मी पाहिली नाही? लग्न होऊन मालवणहून बोटीनंच आले. मला वाटलं, तू इथं असलीस तर तो येईल. बायकोसाठी तरी येईल. दोघं गेलात तर कशाला याल? म्हातारीसाठी कोण समुद्र ओलांडून येतो?"

मी त्यांचा हात घट्ट धरला.

थोडे पुढे गेल्यावर म्हणाल्या, "आज ती बोट ओढून मागे आणली. आली, नाही असं नाही. पण सगळी माणसं पाठमोरी. एकाचंही तोंड दिसलं नाही."

मुंबादेवीच्या तळ्याशी त्या थांबल्या, फुले घेतली, देवीला वाहिली. घरी आल्यावर चूल पेटवली आणि विचारले, "एडनाक पाणी गोडा मिळता काय रे बाबा, का सगळा खाराच?" 'रे बाबा' कोणाला म्हणाल्या ते ठाऊक नाही. घरात मी एकटीच होते.

गोड पाण्याचे काय ते उलट टपाली कळवावे.

आपली
कालिंदी


फणसवाडी
ता. २५ ऑगस्ट १८९६

पाववाला जिंकला!

आपण हसा. मी, भावोजी, सगळा छापखाना, शांती, सगळे तोंडावर आपटलो. पाववाला! ज्याला मी शेवटचा नंबर दिला होता! झाले असे की, मुंबईतले भट्ट्यांवरचे यच्चयावत पाववाले हे चित्र पाहायला आले. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने धोबीतलावाच्या सगळ्या गोवेकरांना. आपले काम कोणीतरी एवढ्या मोठ्या चादरीवर दाखवले, हे त्यांना पुन्हा पुन्हा बघायचे होते. काल शेवटच्या खेळाला पिटातले, म्हणजे खालच्या स्वस्त जागांवरचे, निम्मे लोक तेच होते. निकाल सांगितला तेव्हा ते उभे राहून इतके ओरडले की यंत्रवाल्या साहेबाला वाटले आग लागली. पदक गळ्यात घालून तो बावचळून उभा होता. त्याला बहुधा शेवटपर्यंत कळले नाही की हे कशाबद्दल.

दुसरा न्हावी. घोडेस्वार तिसरे. बोट चौथी. बर्फ शेवटचे.

भावोजी म्हणतात, हा अन्याय आहे, मते मोजण्याची पद्धतच चुकीची आहे, पुढल्या वर्षी जाणकारांची समिती नेमली पाहिजे. मला काही तसे वाटत नाही. ज्याला जे आपले वाटले त्याने ते उचलले. मी तरी बर्फातल्या मुलीला दुसऱ्या कोणत्या कारणाने उचलले होते?

आता खरी गोष्ट. काल चिठ्ठ्या टाकताना मी सासूबाईंना बोटीच्या पेटीकडे नेऊ लागले. त्या थांबल्या. "तुझ्या त्या पोरीची पेटी खंयची?" मी दाखवली. त्यांनी त्यात चिठ्ठी टाकली. मी म्हटले, "तुमची बोट?" म्हणाल्या, "माझा बघून झाला. तुझी पोर एकटीच उभी आसा थंय थंडीत."

त्यांच्यामुळे तिची मते वाढून किती झाली ते मी विचारले नाही.

आणि आज सकाळी शांती आली. परवा नारळी पौर्णिमा झाली, त्यामुळे तिचे सगळे होडीवाले पुन्हा समुद्रात. नवी साडी, केसांत अबोली, अंगावर सोने. सासूबाईंनी तिला पाटी उतरवू दिली आणि विचारले,

"दर्या शांत झालो?"

"झाला आजी. नारल दिला ना. लहू गेला बी."

"मोठ्या बोटींका पण?"

"मोठ्या बोटीला काय हुतंय? ती पावसात पन जाते."

सासूबाईंनी पापलेटाची जोडी निवडली आणि प्रथमच तिने सांगितला तो भाव मान्य केला. शांती घाबरली, म्हणाली, "आजी, बरं हाय ना तुमाला?" त्यावर सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिका चांगला खाऊक घालूक व्हया. ही एडनाक चल्ली."

मी दारातच बसले. शांतीने मला उठवले. मग तिने मला मिठी मारली, आणि माझ्या लुगड्याला आत्तासुद्धा मासळीचा वास येतो आहे, पण बदलावेसे वाटत नाही.

माधवरावांकडे भावोजी जाऊन आले. लतिकावहिनींनी निरोप पाठवला की, स्वयंपाक त्या आपल्या हाताने करतात, डब्यात पाणी भरून घेतात, काळजी नको. गणपती झाले की निघायचे.

मी हे पत्र संपवते, नाहीतर आजच बोटीवर जाऊन बसेन.

आपली
कालिंदी


फणसवाडी
ता. ३ सप्टेंबर १८९६

आपले पत्र काल आले. आपण रागावला होतात तेव्हाही तसे लिहिलेत आणि निवळलात तेव्हाही तसे लिहिलेत. दोन्ही बरे केलेत. मोंबासाचे कागद परत केल्याचे वाचून मी ते वाक्य पुन्हा वाचले. पत्राच्या शेवटी, सहीच्याही खाली, आपण लिहिले आहे: 'आईची प्रकृती कशी आहे? गुडघे दुखतात का?'

मी ते मोठ्याने वाचले. त्या तांदूळ निवडत होत्या. या वेळी 'झाला?' विचारले नाही. म्हणाल्या, "परत वाच." मी वाचले. "गुडघ्यांचा परत वाच." मी वाचले. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "कागद घे. मी सांगतंय तां लिही. मधी बोलूचा नाय."

खालचे सगळे त्यांचे आहे. भाषा तेवढी मी सरळ केली.


चिरंजीव चिंतामणी यास अनेक आशीर्वाद.

गुडघे दुखतात. डावा जास्त. तेल लावते.

तुझ्या बायकोला १९ तारखेच्या बोटीने पाठवते आहे. तू मागितलीस म्हणून नाही. तिला यायचे आहे म्हणून. तिने मला तसे कधी सांगितले नाही, पण मला डोळे आहेत. तू गेलास तेव्हा मी तिला विचारायला हवे होते आणि तूही विचारायला हवे होते. पुढे विचारीत जा.

न्यातीतले लोक बोलतील. त्यांचे मी बघते. अप्पा बोलायला लागले आहेत, परवा त्यांनी विचारले की त्या खेळाची तिकिटे कुठे मिळतात. मी सांगितले, खेळ संपला, आता पुढल्या वर्षी.

कालिंदी फार बोलते. तुला सवय आहे, पण दीड वर्षात मोडली असेल. चित्राबद्दल, नाटकाबद्दल ती बोलायला लागली तर मधे तोडू नकोस. मला आधी वाटायचे ही काय बडबड. मग कळले, तिने जे पाहिले ते मी पाहिलेच नव्हते. एडनला तो खेळ आला तर तिला ने. पैशाकडे बघू नकोस. तूही बघ. तिला चित्रातली कोणतीही पोर आवडली तरी हसू नकोस.

तिला सकाळी लवकर भूक लागते. सांगत नाही. ताप आला तरी सांगत नाही. बाकी सगळे सांगते. बाळंतपणाचे काही झाले तर मला आधी कळव. मी येईन का, ते तेव्हा बघू. मी नाही म्हणत नाही.

मी इथे एकटी राहणार नाही. हेरंब म्हणतो, त्याच्याकडे राहा, पण त्याच्या घरी सगळे रात्रंदिवस पदकाची भांडणे करतात, मला ते सोसणार नाही. खोली त्याच्या ताब्यात देऊन, कालिंदीची बोट सुटली की मी मालवणला भावाकडे जाते. नारळी पौर्णिमेनंतर तिकडची बोट सुरू झाली आहे. नारळाची, काजूची झाडे माझ्या हातची आहेत. तिथे कोणीतरी बघायला हवे.

मी धक्क्यावर येणार आहे. शांतीही येते म्हणते, तिला मोठी बोट जवळून बघायची आहे.

तुझ्यावर माझा राग नाही. होता. तुझा असेल तर असू दे, पण तो मनात ठेवून जेवायला बसू नकोस, पोटाला बाधतो.

आता एक काम. कालिंदी तुझ्याकडे आली की तुझी पत्रे मला वाचून कोण दाखवणार? मालवणला भावाची सून वाचते, पण अडखळत वाचते. तेव्हा मोठे शब्द घालू नकोस, अक्षर मोकळे काढ. आणि पत्र भावाच्या नावाने पाठवू नकोस. माझे नाव घाल. श्रीमती दुर्गाबाई, असे. माझ्या नावाचे पत्र मला अजून कोणी पाठवलेले नाही.